टिटवीच्या पाण्याच्या खेपा

चारी बाजूंना डोंगर आणि मधोमध वाटीसारखे खोल खोरे, अशा एका रानात ओढ्याकाठच्या खडकाळ माळावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे गोळा करते आणि त्यांतच अंडी घालते. या टिटवीचीही चार अंडी होती. अंडी घातल्यावर थोड्याच दिवसांत तिचा जोडीदार उष्म्याने गेला होता, त्यामुळे सगळे तिच्या एकटीवर येऊन पडले होते.

भर उन्हाळ्यात टिटवीला अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवण्याचेच काम जास्त असते. ऊन चढले की ती ओढ्यावर जाई, पोट पाण्यात बुडवी आणि ओल्या पिसांनी परत येऊन अंड्यांवर बसे. पिसे सुकली की पुन्हा ओढा. तिच्या आईनेही हेच केले होते, पण आईच्या वेळी ओढा दहा पावलांवर वाहत होता. आता तो आटून दूर वळणावर एक डबके तेवढे उरले होते. पाण्याला जावे तर तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडत, न जावे तर अंगाखाली तापत. टिटवीच्या पायांना भेगा पडल्या होत्या. संध्याकाळ झाली तरी जमिनीची धग कमी होत नव्हती.

एका दुपारी त्याच डबक्यावर एक म्हातारी घार पाणी प्यायला उतरली. टिटवीने तिला विचारले, "घारताई, तुम्ही एवढ्या उंच जाता. तिथं तरी गार आहे का हो?"

"पूर्वी असायचं," घार म्हणाली. "आता वरही कोंडल्यासारखं होतं. तुम्ही खाली दारोदार शेकोट्या पेटवल्यात, त्यांचा धूर आहे तो."

"धूर? आकाश तर स्वच्छ दिसतंय."

"दिसेनासा होतो म्हणजे संपत नाही, बाई. त्यातलं जे डोळ्यांना दिसत नाही ते खोऱ्यावर साचून राहिलंय. ऊन त्यातून आत येतं, पण तापलेल्या जमिनीची धग बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात अंगावर गोधडी घ्यावी तसं झालंय, आणि दरवर्षी वर आणखी एक चढते. झाडं होती तोवर ती त्यातलं थोडं गिळत होती. तुम्ही झाडंच जाळलीत."

ते खरे आहे हे टिटवीला ठाऊक होते. खूप वर्षांपूर्वी वीज पडून पेटलेली एक फांदी वानराने आणली होती. त्या कडाक्याच्या थंडीत सगळी जनावरे एकाच शेकोटीभोवती बसली, आणि लहानगी टिटवीही आईच्या पंखाखालून शेकत होती. मग रोज तिथवर चालत कोण जाणार, म्हणून प्रत्येकाने आपल्या दारात वेगळी शेकोटी केली. अस्वलाला भाजलेले कंद आवडू लागले, कोल्ह्याला भाजलेले खेकडे. रानगवा सगळ्यांना झाडे पाडून देऊ लागला. थंडी सरली तरी शेकोट्या कोणी विझवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडाखाली सगळ्या जनावरांची बैठक होती. टिटवीने अंडी दोनदा भिजवली आणि लगबगीने तिथे गेली. अंड्यांमधून आता बारीक टकटक ऐकू येऊ लागली होती, म्हणून तिला लवकर परतायचे होते. पण बैठकीचा प्रमुख कोल्हा होता. त्याने आधी रानडुकराची तक्रार घेतली, मग वानरांचे भांडण मिटवले, आणि ऊन डोक्यावर आल्यावर टिटवीला बोलू दिले.

तिने घारीचे म्हणणे सांगितले. कोल्हा हसला. "उन्हाळा आहे, तापणारच. माझ्या आजोबांच्या वेळीही तापायचं."

"विझवायच्याच असतील तर आधी वानरांनी विझवाव्यात," रानडुक्कर गुरगुरले. "त्यांच्या चार आहेत."

"आणि अस्वलाची केवढी मोठी आहे ते बघा की!" वानर ओरडले.

अस्वल जांभई देत म्हणाले, "माझ्या एका शेकोटीनं सगळं खोरं तापतं होय?"

"एकानं नाही तापत, अस्वलदादा," टिटवी म्हणाली. "पण इथं प्रत्येक जण हेच म्हणतोय."

"पुढच्या बैठकीत बघू," कोल्ह्याने विषय संपवला.

टिटवी डबक्यात पोट बुडवून धावतच माळावर आली. दोन अंड्यांतली टकटक चालू होती. दोन अंडी गप्प होती. कोणती दोन ते तिला कळले होते. तरीही ती ओली पिसे पसरून चारही अंड्यांवर बसली.

काही दिवसांनी उरलेल्या दोन अंड्यांतून पिले बाहेर आली. त्याच आठवड्यात एका दुपारी अस्वल पाय ओढत माळावर आले.

"टिटवीबाई, पोळं वितळलं," ते म्हणाले. "कड्यावरून सगळं मेण नि मध ओघळून खाली आलाय. माशा उडून गेल्या. परत येतील म्हणून चार दिवस बसून राहिलो. एकही आली नाही."

टिटवीला त्याच्यावर रागवायचे होते, पण अंगात तेवढे त्राण नव्हते. ती नुसती पिलांवर सावली धरून बसून राहिली. अस्वलाचे लक्ष तिच्या पायाशी पडलेल्या अंड्यांकडे गेले.

"ही दोन का फुटली नाहीत?"

"त्या दिवशी बैठक लांबली," टिटवी म्हणाली.

 अस्वल परत गेले आणि दोन्ही पंजांनी माती ओढून त्याने आपली शेकोटी विझवली. त्याने कोणाला उपदेश केला नाही. ते नुसते रानडुकराच्या दारात जाऊन बसले, मग वानरांच्या. मधमाशा गेल्यामुळे रानात फळेही धरत नव्हती, हे आता सगळ्यांच्या पोटाला कळू लागले होते. एकेक करत त्यांनीही शेकोट्या विझवल्या. रानगव्याने झाडे पाडणे थांबवले. हिवाळ्यापुरती सगळ्यांत मिळून एकच शेकोटी ठेवायची असे ठरले. कोल्ह्याने आपली सर्वांत शेवटी विझवली.

पण पुढचा उन्हाळा आला तो तसाच. माळ तसाच तापला. कोल्हा बैठकीत उभा राहिला. "बघा! थंडीत कुडकुडलो, कच्चे कंद खाल्ले. मिळालं काय? चला, पुन्हा पेटवू या."

पुष्कळ माना होकारात हलल्या. अस्वलाने टिटवीकडे पाहिले.

"मी घारताईंना विचारलं," टिटवी हळूच म्हणाली. "त्या म्हणाल्या, नवी गोधडी चढणं थांबलंय, पण चढलेल्या लगेच उतरत नाहीत. झाडं वाढतील तसतशा विरतील. आपल्या हयातीत नाही."

"म्हणजे सोसायचं आपण आणि गारवा मिळणार दुसऱ्यांना?"

"हो," टिटवी म्हणाली. "मीही थकले आहे, कोल्होबा. पण आज पुन्हा पेटवलीत तर माझ्या पिलांच्या पिलांना हा माळ सोडून जावं लागेल. आणि तुमच्याही नातवंडांना."

 रानगवा उठून घरी निघाला. जवळच्या वाटेवर झाडांचे नवे कोंब फुटले होते. ते पायाखाली येऊ नयेत म्हणून तो दगडगोट्यांतून, लांबच्या रस्त्याने चालू लागला. त्याच्यामागून एकेक करत सगळे निघाले. कोल्हा सर्वांत मागे होता. तो पुटपुटत होता, पण गेला त्याच लांबच्या रस्त्याने.

तात्पर्य : शेकोटी ज्याची त्याची असली तरी तिची धग सगळ्यांना सोसावी लागते. साचलेली धग ओसरायला पिढ्या लागतात, म्हणून फळ आपल्याला मिळणार नसले तरी विझवण्याची सुरुवात आजच आणि आपल्या दारापासून करावी.