धोंड्याचं कोडं

धोंड्याच्या महिन्यात इंजिनिअर जावई दिगंबरराव सासुरवाडीला आले आणि आल्या आल्या म्हणाले, "ते चांदीचं वाण-बिण नको. मला सुटणार नाही असं एखादं कोडं द्या! पण ते या घरात कुठून मिळायचं म्हणा!"

सासूबाईंनी माळ्यावरचा एक स्टीलचा डबा पुसून पुढं ठेवला. "हा उघडून दाखवा. आत अनारसे आहेत."

दिगंबररावांनी झाकण पिळलं, दाबलं, आपटलं, शेवटी दातही लावले. झाकण ढिम्म हलेना. घामाघूम होऊन ते ओरडले, "कुठल्या गाढवानं बनवलाय हा?"

सासूबाई म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याला तुम्हीच दिला होतात की, स्वतः डिझाइन केलाय म्हणून! आणि जावईबापू, उघडलाच तर अनारसे खाऊ नका. तेव्हाचेच आहेत."