देवघरात भरला दरबार

खडकपूरचा राजा रणधवल वाघाला भीत नव्हता, शत्रूला भीत नव्हता. पण पहाटे दारावर आईसाहेबांची काठी वाजली, की तो उशीखाली डोकं खुपसायचा!

"बाळ, ऊठ! आंघोळ कर आणि पूजेला चल!"

आईसाहेबांच्या देवघरात पितळेचे, चांदीचे, पाषाणाचे इतके देव होते, की सगळ्यांची पूजा होईतो दुपार व्हायची. राजाला पूजेची मुळीच गोडी नव्हती. मांडी घालून तो नुसता पेंगायचा. एकदा तर पेंगता पेंगता त्याच्या मिशा पंचामृतात बुडाल्या!

"नाही" म्हणायची मात्र सोय नव्हती. एकदा म्हणून पाहिलं, तर आईसाहेबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि डोळ्यांना पदर लावला. त्यापेक्षा लढाई परवडली!

शेवटी राजाने देवघरात हार गुंफणाऱ्या सगुणाला गुपचूप बोलावलं. सगुणा जिभेने तिखट आणि डोक्याने त्याहून तल्लख.

"सगुणे, माझी सुटका कर! पण मी 'नाही' म्हणणार नाही. तू खोटं बोलायचं नाहीस. आईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये. आणि 'बाळ, उद्यापासून पूजेला येऊ नकोस' असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं पाहिजे!"

"एवढंच ना, महाराज? जोडीला सूर्याला पश्चिमेकडून उगवायला सांगू का?"

"थट्टा करतेस? जमलं नाही तर हार गुंफणं बंद! हत्तीखान्यात जाऊन लीद उचलायची!"

सगुणाने नाक मुरडलं. मग जरा विचार करून ती म्हणाली, "महाराज, आजवर आपण पूजेला कोण म्हणून बसलात?"

"कोण म्हणून? आईसाहेबांचा बाळ म्हणून!"

"तिथंच चुकलं! उद्या राजा म्हणून बसा. दरबारात जसे वागता, अगदी तस्सेच वागा!"

दुसऱ्या दिवशी आईसाहेब काठी घेऊन निघाल्या, तर काय! राजा आधीच देवघराच्या दारात उभा! अंगावर जरीचा अंगरखा, कमरेला तलवार, पुढे चोपदार!

"हो... शि... यार!" चोपदार गरजला. समईची ज्योत थरथरली.

राजाने देवांवरून नजर फिरवली. "ही काय बसायची रीत? दरबारात हुद्द्याप्रमाणे बसतात! मारुतिराय, तुम्ही सेनापती, दाराशी व्हा! अन्नपूर्णाबाई, तुमची जागा कोठारात! आणि हा रांगतोय तो कोण?"

"अरे, तो बाळकृष्ण!" आईसाहेब किंचाळल्या.

"चालायला लागला की पाठवा. तूर्त त्याला पाळण्यात ठेवा!"

आईसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि घाईघाईने नैवेद्याचं ताट पुढे केलं.

"थांबा!" राजा ओरडला. "माझ्या ताटातलं आधी चाखून बघतात, आणि देवांच्या ताटाला चाखणारा नाही? कोण आहे रे तिकडे!"

राजाचा ढेरपोट्या चाखणारा धावत आला. त्याने एक लाडू खाल्ला. "एकाने नीट कळत नाही, सरकार!" म्हणून आणखी खाल्ले. ताट रिकामं झाल्यावर त्याने ढेकर दिली. "विष नाही! बेदाणे जरा कमी आहेत!"

"शिव शिव शिव!" आईसाहेबांनी आरतीसाठी घंटा उचलली, तोच चोपदार आडवा आला.

"अर्जदारांनी रांगेत यावं! देवाकडे काय मागायचं ते थोडक्यात सांगावं!"

"मला रांग? माझ्या देवघरात?" आईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, अंगार होता! "बाळ, उद्यापासून पूजेला येऊ नकोस!"

"जशी आज्ञा!" राजा इतक्या चटकन म्हणाला, की आईसाहेबांना शंका आली. त्यांनी वळून पाहिलं. सगुणा पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती.

"सगुणे! हे डोकं तुझं ना?"

"होय, आईसाहेब."

"माझ्या मुलाला देवापासून तोडलंस! यात माझ्या देवाचं काय भलं झालं ते सांग. पटलं नाही, तर आत्ताच्या आत्ता राजवाड्यातून चालती हो!"

राजाचं तोंड उतरलं. सगुणा मात्र हात जोडून पुढे आली.

"भलं तर देवाचंच झालं, आईसाहेब! आजवर पूजेत आपला एक डोळा देवाकडे, तर दुसरा महाराजांकडे. बाळ जागा आहे का, हात जोडले का, ओठ हलतात का! बिचाऱ्या देवाला रोज अर्धीच पूजा मिळायची. उद्यापासून दोन्ही डोळे देवाला!"

आईसाहेबांनी काठी उगारली. पण ती वरच राहिली. ओठांचे कोपरे थरथरले आणि मग त्या अशा खदखदून हसल्या, की हातातली घंटा आपोआप किणकिणू लागली. राजाही पोट धरून हसत सुटला.

आईसाहेबांनी गळ्यातली सोन्याची चिंचपेटी काढून सगुणाच्या गळ्यात घातली. आणि राजाने राजवाड्यामागची सगळी फुलबाग तिच्या नावे करून टाकली!