वेणूची तीट

"मी बाहेर आलेच नव्हते, माय! पण घरात एकालाही खरं वाटत नाही."

वेणू देवळाच्या ओवरीत धपकन बसली. तेरा वर्षांची पोर. गाल विटकरीनं घासघासून सोललेले.

भागामाय एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी धरून काजळ पाडत होती. गावातल्या तान्ह्यांना तीट लागायची ती तिच्याच काजळाची. तिनं मान वर केली नाही.

"कुठून बाहेर?"

"माजघरातून. कमळताईला बघायला पाहुणे आलेले. आई म्हणाली, तुला बघून बिचकतील, आतच बस. बसले. तरी निरोप आला, जमत नाही. आबा म्हणतात, हीच काळतोंडी डोकावली असणार. वर आईला विचारतात, ही कुणावर गेली ते सांग. आई जेवत नाही. ताई बोलत नाही..."

"आणि तू?"

"मी तोंड घासते."

"रंग गेला?"

"कातडं गेलं."

भागामायनं बोटावर काजळ घेतलं आणि तिच्या गालाकडे नेलं. वेणू झटक्यात मागे सरली.

"थट्टा करतेस व्हय? काळ्यावर काळं! आजीनं मला कधी तीट लावली नाही. म्हणायची, ही अख्खीच तीट आहे."

"दुसऱ्या पोरांना कशाला लावतात?"

"दृष्ट लागू नये म्हणून. ज्यांचं कौतुक असतं, त्यांना."

"दिसावी म्हणून नाही ना?"

"...नाही."

"मग गाल कर इकडे."

तीट लागली. सोललेल्या जागी चुरचुरली. वेणूचा हात पुसायला वर गेला... आणि तसाच खाली आला.

मग ती म्हणाली, "पण सोयरीक मोडली कुणी? मला नाव पाहिजे. त्याचं तोंड बघणार नाही जन्मात."

"बघशील."

"नाही बघणार!"

भागामायनं फुंकर घालून दिवा विझवला.

"नवऱ्या मुलाचा फोन आला होता. म्हणाला, धाकटीच्या रंगाबद्दल ऐकलंय, लग्नात तिला मांडवात मिरवू नका. जिनं फोन घेतला, तिनं तिथंच सांगितलं, मग तू तुझी वरात दुसरीकडे ने. काल इथं बसून रडली. आज घरात सांगते म्हणाली. जाताना दिव्यात तेल घालून गेली, तुझ्या काजळासाठी."

"...कोण?"

"कमळ."