वाळ्याचा पडदा

उन्हाने कातळ तडकावेत अशा एका गावात एक देवभक्त गृहस्थ राहत होता. गावाची आमराई तुटल्यापासून तिथला उन्हाळा दरवर्षी अधिकच कडक होत चालला होता.

चैत्र लागला की तो गृहस्थ मूर्तीला चंदनाची उटी लावी, देवघराच्या दाराला वाळ्याचा पडदा सोडी आणि त्यावर दिवसभर पाणी शिंपडी. शेजारी थट्टा करी, "अहो, देवाला हुडहुडी भरेल!" ते ऐकून गृहस्थाला धन्य वाटे.

त्याची सून आणि लहानगी नात रेवू पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत राहत. हिवाळ्यात रेवू 'काऊ', 'माऊ', 'आबा' असे बोबडे बोलू लागली होती. ऊन वाढले तसे ते शब्द एकेक करून मावळले. ना झोप, ना खेळ, नुसती किरकिर. थकलेली सून तिच्यावर खेकसे आणि मग तिलाच कवटाळून रडे.

एकदा ती भीत भीत म्हणाली, "मामंजी, दुपारपुरता तो पडदा आमच्या खोलीला लावू का? पोर पार कोमेजलीय."

"देवाला वाहिलेली वस्तू मागतेस? लेकरू आहे, होईल सवय!"

दुसऱ्या दिवशी तो नैवेद्य घेऊन देवघराशी आला, तर रेवू ओल्या पडद्याला गाल लावून निपचित पडलेली.

"सोवळं मोडलं! हिला इथे कोणी सोडलं?" तो ओरडला.

सून धावत आली. "रागावू नका, मामंजी. तिला देवाचं काही नको होतं. नुसता गारवा हवा होता."

गृहस्थाने रेवूला हात लावला. अंग भाजत होते, ओठ सुकले होते. त्याने देवाकडे पाहिले आणि त्याची मान खाली गेली. जो साऱ्यांचा ताप हरतो, त्यालाच तो गारवा देत बसला होता. आणि त्या देवानेच सोपवलेले लेकरू भिंतीपलीकडे होरपळत होते.

नैवेद्याचे ताट तसेच ठेवून त्याने रेवूला चमच्याने पाणी पाजले. मग स्वतःच्या हाताने पडदा काढून पत्र्याच्या खोलीला लावला.

"देवाचा पडदा कुठे गेला हो?" शेजाऱ्याने विचारले.

"चुकीच्या दाराला लावला होता," तो खाली पाहत म्हणाला.

हळूहळू रेवू शांत झोपू लागली, खेळू लागली. सुनेचा आवाजही निवळला. एका सकाळी पडद्याआडून हाक आली, "आबा!"

ओ देत तो पडद्याकडे धावला. ती हाक इतके दिवस कोणामुळे थांबली होती, हे त्याला ठाऊक होते.

तात्पर्य एवढेच: उन्हाचा ताप लेकराच्या वाढीला आणि घराच्या मायेलाही लागतो, म्हणून घरातला पहिला गारवा लेकराला द्यावा, तो देवाला आपोआप पोहोचतो.