नाव नसलेली चिठ्ठी

"पण बाई, हा 'ओन' म्हणजे नक्की कोण?"

प्रोफेसर दोर्जीयेव यांनी चिठ्ठी आयुनाबाईंच्या नाकासमोर धरली. प्रोफेसर बासष्ट वर्षांचे, सहा भाषांचे पंडित. निवृत्तीनंतर सायबेरियातल्या या बौद्ध मठात शिष्य म्हणून दाखल झालेले. आयुनाबाई तिथल्या भिक्षुणी आणि त्यांच्या गुरू. वय एकतीस.

ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याचं नाव लोक चिठ्ठीवर लिहून देत. प्रार्थनेआधी ते सभागृहात मोठ्याने वाचलं जाई. आज वाचायचा मान पहिल्यांदाच प्रोफेसरांना मिळाला होता.

या चिठ्ठीवर नाव नव्हतं. दोनच अक्षरं होती... ओन.

चिठ्ठी दुल्मा नावाच्या म्हातारीची. दुपारी तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. प्रोफेसरांनी तिला दोनदा नाव विचारलं. तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून भिंतीकडे तोंड फिरवलं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणाली. आज तर नाहीच नाही.

"शुद्ध अडाणीपणा," प्रोफेसर बाईंना सांगत होते. "रशियनमध्ये ओन म्हणजे 'तो'. जगातला कुठलाही तो. कझाखमध्ये दहा. मंगोलियनमध्ये वर्ष. सीमेपलीकडून आलेले लोकही आत बसलेत. मी नुसतं ओन वाचलं, तर प्रार्थना पोचणार कुणाला?"

"तुमचं झालं?"

"नाव नाही तर चिठ्ठी परत, हा मठाचाच नियम आहे."

"मग करा परत. तिच्या हातात द्या, आणि नियम तुमच्या तोंडाने सांगा."

प्रोफेसरांनी दाराकडे पाहिलं. दुल्मा अजून भिंतीकडेच तोंड करून बसली होती...

ते जागचे हलले नाहीत.

बाईंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली, गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली आणि गठ्ठा त्यांच्या हाती दिला.

घंटा झाली. प्रोफेसर सभागृहात उभे राहिले. दोनदा घसा खाकरला.

"ओन."

आता हसतील, म्हणून त्यांनी मान वर केली नाही. कुणी हसलं नाही.

त्यांनी हळूच वर पाहिलं. दुल्माने हात जोडले होते. तिच्या शेजारच्या म्हातारीनेही. मग पलीकडच्या रांगेतल्या दोघींनी... एका तरुण मुलीने मांडीवरचं मूल खाली ठेवलं आणि हात जोडले. मग तिच्या सासूने.

प्रोफेसर बाईंकडे वाकले. एका चिठ्ठीवर एवढ्या जणी कशा, त्यांनी विचारलं. आणि मग यातला दुल्माचा कोणता...

"पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."