पक्क्या रंगाची चादर

सोलापुरात चादरींचे कारखानदार बोद्दूल शेठ म्हणजे बडं प्रस्थ. नव्या लाल चादरीवर 'रंग पक्का' असा शिक्का हवा, म्हणून पांढराशुभ्र सफारी घालून ते स्वतःच कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत येऊन बसले.

"चाचणी कशाला, बाई? बोद्दूलचा शब्द आहे. मारा शिक्का!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख निर्मलाबाई दासरींना नाही म्हणवेना, आणि शिक्काही मारवेना. त्यांनी चादरीचा तुकडा पाण्यात बुडवून पिळला.

"हा ओला तुकडा पांढऱ्या कापडावर घासायचा, एवढीच चाचणी. तुमच्या शब्दाखातर आमचं कापड राहू दे, शेठ. तुमचीच बाही जरा पुढे करा."

शेठ खुर्चीसकट मागे सरकले.

"झालं!" निर्मलाबाई हसल्या. "रंगाचं नंतर बघू. तुमची खात्री मात्र कच्ची निघाली."