बाळसं धरलेला तारा

एका राज्यात आभाळातून पडलेला एक विझत आलेला तारा होता. दिसायला लिंबाएवढा, वजनाला डोंगराएवढा. दगडी पाळण्यात तो गरगर फिरे. दर फेऱ्याला त्याचा उजेड शेतांवरून जाई आणि त्यावरच पिकं वाढत. भिवाई नावाची म्हातारी त्याला सांभाळी. दर पुनवेला एका पारड्यात टेकडी ठेवून ती त्याला तोली. वजन वाढलं की खूश! "बाळसं धरतंय माझं लेकरू." घेर मात्र कधी मोजला नाही. लेकराचा घेर मोजला की दृष्ट लागते, अशी तिकडची रीत. खुळचट रीत, पण रीत.

एके दिवशी पाळण्याच्या दांडीवर साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "भिवाई, त्याचा करगोटा बघ."

कमरेचा काळा करगोटा सैल पडला होता. वजन वाढलं आणि अंग आटलं!

"हे गं काय बाई?"

"राजाने तारा दिला नाही, म्हणून काळकेतू जादूगाराने शापाची राख सोडलीय. ती दिसत नाही, हाताला लागत नाही, भिंतीतून आरपार जाते. तिला आहे ते फक्त वजन. ताऱ्याच्या पोटात बसून ती त्याला आत ओढतेय. मोहरीएवढा झाला की तो कोसळेल आणि राज्य गिळेल."

"उपाय?"

"वजनाला वजनच ओढतं. वरचे थोरले तारे राख ओढून घेतील. पण तू निरोप दिल्याशिवाय हा हलायचा नाही."

हे कानावर पडताच राजा वज्रसेन धावत आला. "म्हातारे, दे निरोप."

भिवाईने ताऱ्यावरून हात फिरवला. "जाऊन ये हो बाळा."

तारा छपरापर्यंत गेला आणि शहाण्यासारखा परत आला. विहिरीचं पाणी त्याच्याकडे कललं.

"सांभाळून जा, लवकर ये." या खेपेला ढगांपर्यंत जाऊन आला. राजवाड्याची भिंत वाकली.

"अगं, 'ये' म्हणू नकोस!" राजा ओरडला.

"घरच्या माणसाला नुसतं 'जा' म्हणतात होय? तुमच्या आईने म्हटलं होतं कधी?"

तेवढ्यात पाळणा तडकला. भिवाईने पाठ फिरवली, तोंडात पदर कोंबला, मग तो काढला आणि म्हणाली, "जा."

तारा गेला. थोरल्या ताऱ्यांनी राख ओढून घेतली, शाप तुटला, तारा पुन्हा लिंबाएवढा झाला. वरून त्याचा उजेड शेतांवर फिरू लागला. पाणी सरळ झालं, भिंत सरळ झाली, राजा जेवायला बसला.

भिवाई अंगणात खाटेवर आडवी झाली. दर फेऱ्याला उजेड तिच्या तोंडावर येई.

"मेल्या, डोळ्यांवर येतोय. जरा पलीकडून फिर."

तारा मुकाट्याने पलीकडून फिरू लागला.

घटकाभराने म्हातारी उठली आणि खाट ओढत ओढत पलीकडे नेली.